नवी गाडी घेताय? मीटरवर किती रनिंग चालतं आणि कधी गाडी परत पाठवायची. नांदेड-लातूरच्या ग्राहकांसाठी सविस्तर माहिती

नांदेड/लातूर : सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, ऊसबिलाचा हप्ता जमा झालेला असतो आणि दसरा, धनत्रयोदशी नाहीतर पाडवा तोंडावर येतो. शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. पेढे, फोटो, मोठी पुठ्ठ्याची चावी, टायरखाली लिंबू, आणि गाडी थेट माहूरच्या किंवा तुळजापूरच्या रस्त्याला. या गडबडीत मीटरकडे कोण बघतो? चार दिवसांनी घरातल्या पोराच्या लक्षात येतं, की आपण तर दीडशे किलोमीटर सुद्धा फिरलो नाही, मग मीटरवर चारशे कसे?

तोपर्यंत पासिंग झालेलं असतं, विमा निघालेला असतो, बँकेने लोनचे पैसे शोरूमला दिलेले असतात. मग शोरूमचा माणूस म्हणतो, "मालक, यार्डातून आणताना तेवढं होतंच." हे "तेवढं" म्हणजे नेमकं किती, यावर ही माहिती.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे मायलेज म्हटलं की लिटरला किती किलोमीटर जाते, म्हणजे ॲव्हरेज, असाच अर्थ बहुतेक जण घेतात. इथे विषय तो नाही. गाडी आजवर एकूण किती चालली, ज्याला आपण रनिंग म्हणतो आणि जे ओडोमीटरवर दिसतं, त्याची ही गोष्ट आहे.

थोडक्यात उत्तर

नव्या चारचाकीच्या मीटरवर ५० किलोमीटरच्या आत रनिंग असेल तर काळजीचं कारण नाही. ५० ते १०० असेल तर गाडी कुठून आणली ते विचारा, उत्तर पटलं तर घ्या. १०० च्या पुढे गेलं असेल तर तोंडी उत्तरावर भागवू नका, डीलरकडून शोरूमच्या लेटरहेडवर लेखी कारण घ्या. आणि २०० च्या वर असेल तर ती गाडी नव्याच्या भावात घेऊ नका. दुसरी मागा, नाहीतर किंमत कमी करून घ्या.

हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "नवी गाडी म्हणजे इतक्या किलोमीटरच्या आतली" अशी व्याख्या मोटार वाहन कायद्यात नाही. त्यामुळे शोरूमवाला "असा काही नियम नाही" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. पण जुनी किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि हा नियम त्यालाही लागू आहे.

मीटर शून्यावर का नसतं?

शून्य किलोमीटरची गाडी कुणालाच मिळत नाही. कारखान्यात गाडी तयार झाली की रोलरवर चालवून बघतात, ब्रेक तपासतात, थोडी ट्रॅकवर फिरवतात. मग कारखान्याच्या यार्डात, तिथून कंटेनरवर चढवणं, उतरवणं, डीलरच्या गोडाऊनमध्ये लावणं, धुवायला नेणं, ॲक्सेसरीज बसवणं, पेट्रोल पंपावर नेणं. प्रत्येक वेळी थोडे थोडे किलोमीटर पडतात. हे सगळं धरून साधारण १० ते ४० किलोमीटर होतात.

मुख्य गोष्ट अशी की कारखान्यातून डीलरपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर येत नाही. ती कंटेनरवर किंवा रेल्वेने येते. मग ती चाकणची असो, गुजरातमधल्या साणंदची असो, हरियाणातल्या मानेसरची असो की तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरची. त्यामुळे "गाडी लांबून आली म्हणून रनिंग जास्त" हे कारण ऐकलं तर समजा, कंटेनरवर बसलेल्या गाडीचं मीटर फिरत नसतं.

आपल्या भागातली अडचण

आता खरी गोष्ट. वर दिलेला हिशोब पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला सरळ लागू होतो. आपल्याकडे अंतरं आडवी येतात.

मोठे डीलर नांदेड आणि लातूर शहरात. तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्या छोट्या शाखा किंवा सब-डीलर. तुम्ही गाडी उदगीरला बुक केली आणि गाडी लातूरच्या गोडाऊनमध्ये उभी असेल तर ती ड्रायव्हर चालवतच आणतो. लातूर-उदगीर सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे उदगीरच्या शोरूममध्ये मीटर ९०-१०० दाखवत असेल तर त्यात काही गैर नाही. निलंग्याला सुमारे ५० वाढतील. देगलूरच्या ग्राहकाला नांदेडहून ८० च्या आसपास, आणि किनवटला तर १३०-१४० सहज. किनवटच्या माणसाने "५० च्या वर नको" असा हट्ट धरला तर त्याने गाडी नांदेडला जाऊन घेतलेली बरी.

दुसरा प्रकार म्हणजे डीलर-डीलरमधली अदलाबदल. तुम्हाला पांढरा रंग, वरचं मॉडेल, ऑटोमॅटिक हवं असतं. ते लातूरच्या डीलरकडे नसतं, नांदेडला असतं. "साहेब, दोन दिवसांत करून देतो" म्हणतात आणि ड्रायव्हर बसने नांदेडला जाऊन गाडी चालवत आणतो. झाले १४० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून आणली तर अडीचशेच्या वर. पुण्याहून लातूरला आणली तर सव्वातीनशे-साडेतीनशे, नांदेडला आणली तर साडेचारशेच्या आसपास.

यात लबाडी असतेच असं नाही. पण एका नव्या गाडीचे पहिले तीनशे किलोमीटर कुणीतरी अनोळखी माणसाने, रात्रीच्या वेळी, लवकर पोचायच्या घाईत मारलेले असतात. बहुतेक कंपन्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहितात की सुरुवातीचे हजारेक किलोमीटर इंजिन जास्त ताणू नका, एकदम रेस देऊ नका. तुम्ही पाळाल, तो ड्रायव्हर पाळेल का? म्हणून आमचं मत असं की बाहेरून गाडी मागवायची असेल तर बुकिंगच्या वेळीच बोलून घ्यावं, "कंटेनरवर आणणार की चालवत?" चालवत आणणार असतील तर त्याचा मोबदला म्हणून काही ॲक्सेसरीज किंवा सूट मागायला लाजायचं कारण नाही. आणि ही सगळी बोलणी बुकिंग फॉर्मवर एका ओळीत लिहून घ्यायची : डिलिव्हरीच्या वेळी मीटरवर जास्तीत जास्त इतके किलोमीटर असतील. फॉर्मवर ही ओळ लिहायला जो डीलर तयार होत नाही, त्याच्याकडे गाडी घेताना जास्त जपून.

पासिंगच्या आधी बघा, नंतर नाही

पूर्वी नवी गाडी पासिंगसाठी आरटीओ ऑफिसला न्यावी लागायची, निरीक्षक गाडी बघायचा. २०२१ पासून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या नव्या गाड्यांना ती गरज राहिली नाही. डीलर कागद ऑनलाइन भरतो, टॅक्स भरतो, नंबर पडतो. लोकांचा हेलपाटा वाचला हे चांगलंच झालं, पण त्याचबरोबर तुमच्याआधी गाडी बघणारा सरकारी माणूसही राहिला नाही. आता बघायचं ते तुम्हीच.

आणि कायद्याने नंबर प्लेट लावल्याशिवाय डीलर गाडी ताब्यात देऊ शकत नाही. म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी गाडी पहिल्यांदा बघायला गेलात तर ती आधीच तुमच्या नावावर झालेली असते. एमएच-२६ किंवा एमएच-२४ ची पाटी लागली की बदलून मागणं अवघड. ८ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी ८८ हजारांच्या आसपास टॅक्स भरलेला असतो, तो डीलर आपल्या खिशातून पुन्हा भरेल का?

म्हणून क्रम असा ठेवा. बुकिंगची थोडी रक्कम द्या. गाडी गोडाऊनमध्ये आली की चेसिस नंबर मागा. गाडी समोर उभी करून बघा. पटली तरच बाकीचे पैसे, विमा आणि पासिंग. लोन असेल तर बँकेतल्या साहेबांना सांगून ठेवा, की गाडी बघितल्याचा निरोप दिल्याशिवाय पैसे सोडू नका. मुहूर्त पाडव्याचा असेल तर गाडी पाडव्याच्या आठ दिवस आधी बघा. मुहूर्ताच्या दिवशी शोरूमला पन्नास गाड्या द्यायच्या असतात, त्या दिवशी तुमच्याशी कुणी नीट बोलणारही नाही.

गाडी बघायला दिवसाउजेडी जा. गावातला एखादा ओळखीचा मेकॅनिक किंवा जुना ड्रायव्हर सोबत न्या, त्याचा चहा-नाश्ता आणि रोजगार गेला तरी परवडतो.

मीटर कसं वाचायचं

चावी किंवा बटन ऑन करा. समोर दोन-तीन प्रकारचे आकडे येतात. ट्रिप ए आणि ट्रिप बी हे बटन दाबून शून्य करता येतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ओडीओ किंवा ओडोमीटर लिहिलेला आकडा हाच खरा. "बघा साहेब, सातच किलोमीटर" म्हणून ट्रिपचा आकडा दाखवला जातो, आणि आपण मान डोलावतो. हा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. त्याच वेळी चेसिस नंबरचाही फोटो घ्या. दोन्ही एकाच दिवशीचे.

मग डिलिव्हरीच्या दिवशी परत मीटर बघा. तपासणीच्या दिवशी १८ होतं आणि आता ३० आहे, ठीक. १८ चं ११० झालं असेल तर गाडी मधल्या काळात कुणीतरी फिरवली आहे. टेस्ट ड्राइव्हला दिली असेल, नाहीतर कुणाच्या घरी जेवायला नेली असेल. डीलरला ट्रेड सर्टिफिकेटवर नोंदणी नसलेली गाडी ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४१ मध्ये ती कामं दिली आहेत : चाचणी, ग्राहकाला दाखवणं, पासिंगच्या ठिकाणी नेणं-आणणं, ग्राहकाकडे पोचवणं, बॉडी किंवा रंगकामाला नेणं, अशी. शोरूमच्या माणसाने लग्नाला नेणं त्यात बसत नाही.

मीटर खोटं बोलत असेल तर?

डिजिटल मीटर आहे म्हणजे त्यात बदल होत नाही असं समजू नका. जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. नव्या गाडीत हे क्वचित, पण मोठमोठ्यांनी केलेलं आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये क्रायस्लर या कंपनीवर खटला झाला. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटरची जोडणी काढून घरी वापरत होते आणि नंतर त्याच गाड्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. आरोपपत्रात सुमारे ६० हजार गाड्यांचा उल्लेख होता. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना जाहीरपणे चूक मान्य करावी लागली आणि ग्राहकांना वॉरंटी वाढवून द्यावी लागली.

म्हणून मीटरसोबत गाडीकडेही बघा. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केसासारखे तंतू असतात, शंभरेक किलोमीटर डांबरावर गेली की मधल्या पट्ट्यावरचे झिजतात. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा. पुढच्या बंपरवर दगडाचे टिचके, जाळीत अडकलेले किडे, मडगार्डच्या आत वाळलेली काळी माती. मीटर १५ दाखवत असेल आणि मडगार्डमध्ये आपल्याच रानातली काळी माती असेल तर शोरूमवाल्याला शांतपणे विचारा, ही माती मानेसरहून आली का?

याच वेळी चटईचा कोपरा उचलून वास घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी काय पाहिलं ते सांगायला नको. पाण्यात उभी राहिलेली गाडी मीटरवरून कळत नाही. ओलसर वास, सीटखालच्या लोखंडी पट्टीवर गंज, दिव्याच्या काचेत वाफ, हे कळतं.

गोव्याचं प्रकरण

या विषयावरचा एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. तिथल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरून टाटाची गाडी घेतली. हातात आलेली गाडी निघाली २००९ ची. मीटरवर ६२२ किलोमीटर, खालच्या भागाला गंज, काचेवर आणि बॉडीवर ओरखडे. त्याने पैसे परत किंवा दुसरी गाडी मागितली. दाद लागली नाही तेव्हा ग्राहक मंचात गेला. जिल्हा मंचाने डीलर आणि कंपनी दोघांनी मिळून नवी गाडी द्यावी किंवा व्याजासह पैसे परत करावेत असा आदेश दिला. राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. कोर्टाने कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. कारण असं, की कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर पुढे ग्राहकाला विकतो, हे दोन वेगळे व्यवहार. गोडाऊनमध्ये गाडीचं काय झालं, डीलरने ग्राहकाला काय सांगितलं, हे कंपनीला माहीत होतं असं दाखवल्याशिवाय कंपनीला धरता येत नाही. डीलरची जबाबदारी मात्र राहिली.

या निकालातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या. एक, कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, व्यवहार तुमचा डीलरशी आहे. तक्रार करताना कंपनीला आधी ईमेलने कळवून ठेवा, म्हणजे पुढे तिला "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येणार नाही. दुसरी, २०११ च्या मॉडेलचा निकाल २०२१ ला लागला. शोरूममधला अर्धा तास वाचवायला दहा वर्षं घालवण्यापेक्षा तो अर्धा तास घालवलेला बरा.

रनिंग कमी, पण गाडी जुनी

आकडा कमी म्हणजे गाडी चांगली, हेही अर्धंच खरं. गोडाऊनमध्ये नऊ-दहा महिने उन्हात उभी असलेली गाडीही १२ किलोमीटरच दाखवते. बॅटरी उतरलेली, टायर एका जागी बसून चपटे झालेले, उंदरांनी वायर कुरतडलेली. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत मोठी सूट मिळते ती बहुतेक अशाच मागच्या वर्षीच्या मालावर. सूट चांगली असेल आणि गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर घ्यायला हरकत नाही, पण माहीत असून घ्या.

बनावटीचा महिना-वर्ष चेसिस नंबरमध्ये लपलेलं असतं. सतरा अक्षरांपैकी दहावं अक्षर बहुतेक वेळा वर्षाचं असतं : आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. कंपनीप्रमाणे पद्धत थोडी बदलते, म्हणून फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र बघा, त्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. टायरवरच्या अंडाकृती चौकटीत शेवटचे चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. टायर गाडीपेक्षा दोन-तीन महिने जुना असतोच. पण टायर गाडीपेक्षा नवा निघाला तर विचारा, मूळ टायर कुठे गेला?

वॉरंटीची तारीख हा वेगळाच विषय. महिन्याचं टार्गेट पूर्ण करायला काही वेळा गाडी ग्राहक मिळायच्या आधीच कंपनीच्या सिस्टीममध्ये विकलेली दाखवली जाते. मग वॉरंटी तेव्हापासून सुरू होते. पुस्तिकेवर आणि कंपनीच्या ॲपवर वॉरंटी सुरू झाल्याची तारीख तुमच्या बिलाच्या तारखेशी जुळते का ते बघा.

डेमोची गाडी उघडपणे डेमो म्हणून स्वस्तात मिळत असेल तर तो वाईट सौदा नाही. ती आधी डीलरच्या नावावर पास झालेली असते, म्हणून तुमच्या आरसीवर तुम्ही दुसरे मालक दिसाल. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कळतं. "नवी आहे, फक्त नावावर करायची" असं कुणी म्हणालं तर आरसीवर मालक क्रमांक किती ते आधी बघा.

गाडी घरी आणल्यावर लक्षात आलं तर

लगेच मीटरचा फोटो काढा आणि गाडी कमीत कमी वापरा. डीलरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही तक्रार घेतात, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आहे. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्याने दिलेला मोठा फायदा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. फी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते : ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात.

ट्रॅक्टर आणि दुचाकी

ट्रॅक्टरला किलोमीटर नाही, तासाचं मीटर बघायचं. नव्या ट्रॅक्टरवर दोन-चार तास चालतात. दहा-पंधरा तास असतील तर तो कुठल्या तरी रानात डेमोला जाऊन नांगरून आलेला आहे, नांगराच्या जोडणीवरचा रंग उडालेला दिसेल. दुचाकीला दहा किलोमीटरपर्यंत ठीक. तालुक्याच्या सब-डीलरकडे बऱ्याचदा गाड्या टेम्पोतून येतात, त्यामुळे तिथे ५०-६० दिसले तर शोरूमच्या पोराने वापरलेली असण्याची शक्यता जास्त, दुसरी गाडी दाखवायला सांगा.